पहिल्या हिमसहलीचे कपडे

परभणी जिल्ह्यांतील जिंतूर तालुक्यांत, पूर्णा नदीच्या कांठीं, येलदरी नांवाचें गांव आहे. १९६८ सालीं पुरें झालेल्या तेथील धरणामुळें त्याचें नांव मराठवाड्यांत सर्वतोमुखीं झालें. या भागांत उन्हाचा कडाका एवढा मोठा कीं, थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी, असेंच बाहेरच्या माणसास वाटावें. परंतु परभणीच्या हवामानाच्या नोंदींत पहाटेचा पारा ५ अंशांच्याहि खालीं उतरल्याचीं वर्षें आहेत. आणि अशा पहाटे गव्हाच्या रानांत दारें धरून परतलेल्या शेतकऱ्यास विचारलें, तर थंडी खरी बाधते ती ओल्या कपड्यानें, असें तो सांगेल. रात्रभर वाफ्यांत उभें राहून त्याच्या धोतराचा सोगा किंवा विजारीचे पाय भिजलेले असतात, आणि वाऱ्याची एक झुळूक आली कीं पोटऱ्या बधिर होतात. खांद्यावरचें घोंगडें दंवानें ओलें झालेलें असूनहि तें मात्र त्यास ऊब देत राहतें. प्रस्तुत भाषणाचा जो विषय, त्याचें अर्धें शास्त्र या अनुभवांत आलेलें आहे.

विषय असा कीं, बर्फावर स्की खेळावयास प्रथमच निघालेल्या कुटुंबानें बेताच्या खर्चांत कोणते कपडे घ्यावे. स्की म्हणजे पायांतील बुटांस अडकवावयाच्या लांब, अरुंद फळ्या. त्यांवर उभें राहून हिमाच्छादित उतारावरून घसरत जाणें, हा तो खेळ. हिंदुस्थानांत तो अगदींच नवा नव्हे. गुलमर्ग येथें ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनीं १९२७ सालीं स्की क्लब स्थापन केला होता. पुढें पुष्कळ वर्षें हा खेळ सैनिकांचा व मोजक्या हौशी मंडळींचाच राहिला. १९९८ सालीं गुलमर्गचा पाळण्यांचा रज्जुमार्ग सुरू झाला, २००५ सालीं त्याचा दुसरा टप्पा अफरवटच्या बाजूस सुमारें ३,९०० मीटर उंचीवर पोंचला, २०२० सालीं तेथें खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा प्रथम भरल्या. आणि आतां गुलमर्ग, मनालीजवळचें सोलंग, उत्तराखंडांतील औली हीं नांवें शाळकरी मुलांच्याहि तोंडीं असतात. येलदरीसारख्या ठिकाणाहून तेथें जाणें पूर्वींइतकें दुर्घट राहिलेलें नाहीं. नांदेडहून अमृतसरकडे जाणारी सचखंड एक्सप्रेस परभणीस थांबते, आणि जून २०२५ पासून जम्मूच्या पलीकडील कटऱ्याहून थेट श्रीनगरपर्यंत आगगाडी धांवूं लागली आहे.

तिकिटांची बेरीज कागदावर मांडतां येते. घोळ होतो तो कपड्यांपाशीं. शिक्षकाच्या किंवा पाटबंधारे खात्यांतील कारकुनाच्या पगारावर चालणारें एखादें घर डोळ्यांसमोर आणावें. आई, वडील व दोन मुलें. दोन वर्षें थोडथोडे पैसे बाजूला टाकून सहल ठरलेली. अशा घरांत दोनपैकीं एक चूक बहुधा होते. एक तर मोठ्या शहरांतील दुकानांत जाऊन नखशिखांत पोशाख विकत घेतला जातो, आणि सहा दिवसांनंतर तो कपाटाच्या वरच्या कप्प्यांत कायमचा जाऊन बसतो. मुलांचा तर पुढील वर्षीं त्यांच्या अंगासहि येत नाहीं. नाहीं तर घरांतील होते नव्हते तितके स्वेटर, शाली, मफलर व जाड सुती पॅंटी पेटींत कोंबल्या जातात. पहिल्या चुकींत पैसा जातो, दुसरींत सहल जाते. बर्फांत पहिल्याच सकाळीं भिजून कुडकुडलेलें मूल दुसऱ्या दिवशीं खोलीबाहेर पडावयास नकार देतें, आणि दोन वर्षांची शिल्लक हॉटेलच्या खिडकींतून हिमशिखरें पाहण्यांत संपते.

म्हणून प्रथम थंडीचें गणित समजून घ्यावें. कोणतेंहि कापड स्वतः गरम नसतें. ऊब आपल्या अंगाचीच. कापडानें ती निसटूं द्यावयाची नाहीं, एवढेंच त्याचें काम, आणि तें काम वस्तुतः कापडांत अडकलेली हवा करते. आपल्या घरांतील गोधडी हें याचें उत्तम उदाहरण आहे. जुन्या लुगड्यांचे पांच-सहा पातळ थर एकावर एक घालून टांक्यांनीं सांधले, कीं त्यांच्यामधली हवा जागच्या जागीं राहते. तेवढ्याच वजनाच्या एकाच जाड चादरींत ती ऊब मिळत नाहीं. हिमप्रदेशांतील पोशाखाचेंहि रहस्य हेंच. एका भारी कोटापेक्षां तीन बेताचे थर अधिक उपयोगी. शिवाय चढ चढतांना एक काढतां येतो आणि उभें राहतांना पुन्हां घालतां येतो.

मात्र या थरांत पाणी शिरलें कीं सारा डाव फिसकटतो. स्थिर हवेच्या मानानें पाणी सुमारें पंचवीसपट अधिक उष्णता वाहून नेतें. बर्फावर अंग भिजण्याचे मार्ग दोन : बाहेरून वितळणारा बर्फ आणि आंतून येणारा घाम. नवशिका खेळाडू दोन्ही मार्गांनीं भिजतो. तो वारंवार पडतो म्हणून बाहेरून, आणि पडल्यावर उठण्याची खटपट करतो म्हणून आंतून. स्कीसह उताराच्या बर्फांतून उठून उभें राहणें हा पहिल्या दिवसाचा मुख्य व्यायाम होय, हें तेथील कोणीहि शिक्षक सांगेल.

येथें कापसाच्या मुलखांतील माणसास एक कटु सत्य स्वीकारावें लागतें. परभणीची काळी जमीन कापसाची. आपल्या उन्हाळ्यास सुती कपड्यासारखा दुसरा सोबती नाहीं, आणि त्याचें कारण हेंच कीं तो घाम पितो व हळूहळू सोडतो. त्या सोडण्यांत अंग थंड होतें. वैशाखांत जो गुण, तोच गुलमर्गच्या माघांत जीवावर येतो. सुती गंजिफ्रॉक सकाळीं घामानें भिजला कीं सायंकाळपर्यंत ओलाच राहतो व अंगाची ऊब शोषीत राहतो. जीन्सची पॅंट तर सर्वांत वाईट. जाड असल्यामुळें ती उबदार वाटते. प्रत्यक्षांत ती निव्वळ सूत असून दोन-चार वेळां बर्फांत बसल्यावर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत भिजते, आणि ऊन उतरलें कीं पत्र्यासारखी ताठ होते. सुती मोजे, सुती आंतर्वस्त्रें, सुती कुडते हे सर्व घरीं ठेवावे. गाडींत व हॉटेलांत घालावयास एखादा जोड पुरे.

लोंकरीचा प्रकार वेगळा. तिचा तंतु मुळांतच कुरळा असल्यामुळें त्यांत हवा राहते. आणि आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा तिनें तंतूंत सामावून घेतला तरी हातास ती ओली लागत नाहीं. धनगराच्या घोंगड्याची जी ख्याति, ती या गुणामुळें. पॉलिएस्टरसारखे कृत्रिम तंतु पाणी जवळजवळ पीतच नाहींत, म्हणून तें पृष्ठभागावरून पसरून लौकर वाळतें. अर्थात् अंगास लागून असलेला पहिला थर एक तर बारीक लोंकरीचा असावा, नाहीं तर अशा कृत्रिम विणकरीचा. मेरिनो मेंढीच्या मऊ लोंकरीचा थर सर्वोत्तम खरा, पण चौघांसाठीं घ्यावयाचा तर तो खर्च या घराच्या आवांक्याबाहेरचा. बाजारांत थर्मल या नांवानें जो अंगाबरोबर बसणारा पॉलिएस्टरचा सदरा व लेंगा मिळतो, तो पुरेसा आहे. घेतांना आंतील चिठ्ठी वाचावी. कित्येक थर्मल सुताचेच असतात, आणि ते नागपूरच्या किंवा परभणीच्या थंडीस ठीक असले तरी येथें नकोत. प्रत्येकास दोन जोड घ्यावे, कारण एक वाळत असतांना दुसरा अंगावर पाहिजे. बचत दुसरीकडे करावी. या थरांत करूं नये.

दुसरा थर बहुतेकांच्या घरींच असतो : स्वेटर किंवा फ्लीस नांवाच्या लवदार कापडाचें जाकीट. महाराष्ट्रांतील अनेक शहरांत दर हिवाळ्यांत तिबेटी निर्वासितांचीं गरम कपड्यांचीं दुकानें लागतात, आणि त्यांतील पुष्कळसा माल लुधियान्याच्या गिरण्यांत विणलेला असतो. गंमत अशी कीं, सचखंड एक्सप्रेस लुधियान्यावरूनच पुढें जाते; ज्यांच्या प्रवासांत तेथें अर्धा दिवस मिळण्यासारखा असेल त्यांनीं ही खरेदी वाटेंतच उरकण्यास हरकत नाहीं. मात्र लोंकर म्हणून जें विकलें जातें त्यांत ॲक्रिलिक पुष्कळ असतें. ओळखावयाची युक्ति जुनीच आहे. शिवणींतील एक धागा काढून काडीनें पेटवावा. लोंकर केंस जळाल्यासारखी वास देते व तिची राख बोटानें चुरडते. ॲक्रिलिक वितळून त्याची टणक गोळी होते. ॲक्रिलिक अगदींच टाकाऊ असें नव्हे, मधल्या थरास तें चालतें. फक्त लोंकरीचे पैसे त्यास देऊं नयेत. एक जाड स्वेटर घेण्याऐवजीं दोन पातळ घालावे. आणि ते घट्ट नसावेत. दाबलेली हवा म्हणजे गेलेली हवा.

तिसरा, बाहेरचा थर वाऱ्याचा व पाण्याचा अडसर. गुलमर्ग सुमारें २,६५० मीटर उंचीवर आहे, आणि जानेवारींत तेथें रात्रीं पारा शून्याखालीं ८–१० अंश जाणें नित्याचें. रज्जुमार्गाच्या वरच्या टोंकास उंचीमुळेंच आणखी सात-आठ अंश कमी होतात. त्यावर वारा. उणें ५ अंशांच्या हवेंत ताशीं ३० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीस उणें १३ अंशांइतकी थंडी जाणवते. म्हणजे बाहेरचा कोट किती जाड आहे यापेक्षां त्यांतून वारा शिरतो कीं नाहीं, हें महत्त्वाचें. याच कामीं सूतहि एके काळीं वापरलें गेलें आहे. १९२४ सालीं एव्हरेस्टवर गेलेल्या मॅलरीच्या अंगावर रेशीम, सूत व लोंकर यांचे थर असून वर घट्ट विणीच्या गॅबर्डिनचा वारारोधक पोशाख होता. १९९९ सालीं त्याचा देह सांपडल्यावर त्या कपड्यांचा अभ्यास झाला आणि तशीच हुबेहूब वस्त्रें करून तीं २००६ सालीं एव्हरेस्टवर घालून पाहण्यांत आलीं. परंतु ते गिर्यारोहक कोरड्या थंडींत चालत होते. नवशिक्याप्रमाणें दर पांच मिनिटांनीं ओल्या बर्फांत बसत नव्हते.

या बाहेरच्या पोशाखावर सर्वांत अधिक पैसा जातो, आणि नेमका तोच विकत घेण्याची सर्वांत कमी गरज असते. गुलमर्गच्या वाटेवर तनमर्ग येथें, आणि मनालीहून सोलंगकडे जातांना रस्त्याच्या दोन्ही कडांस, कोट, पॅंटी व बूट भाड्यानें देणारीं दुकानें ओळीनें असतात. मनालीकडे तर तीं नुसत्या नंबरांनींच ओळखलीं जातात. स्की, काठ्या, स्कीचे बूट व हेल्मेट हीं तर कोणत्याहि नवशिक्यानें भाड्यानेंच घ्यावीं. शिकवण्याच्या सरकारी अभ्यासक्रमांत तीं बहुधा संस्थेकडूनच मिळतात, म्हणून प्रवेश घेतांनाच काय मिळेल व काय आपण आणावयाचें, याची यादी मागून घ्यावी. घरच्या मोटारसायकलचें हेल्मेट मात्र कोणी नेऊं नये; तें जड असून त्यानें कान झांकतात, आणि मागून येणाऱ्याची हांक ऐकूं येत नाहीं.

भाड्याचा कोट घेतांना संकोच सोडावा. अस्तरांत हात घालून तें कोरडें आहे का तें पाहावें. आदल्या गिऱ्हाइकाचा घाम व बर्फ त्यांत जिरलेला असण्याचा पुष्कळ संभव असतो. चेन वरपर्यंत लावून पाहावी. मनगटाशीं व घोट्याशीं पट्टा आवळतो का, बसल्यावर पाठीचा भाग उघडा पडतो का, हेंहि पाहावें. शक्य असल्यास आदल्या सायंकाळींच कोट ताब्यांत घेऊन तो खोलींत टांगून ठेवावा. सकाळच्या घाईंत जो कोट हातीं येतो, तो सर्वांनीं नाकारलेला असतो.

कोटापेक्षां पॅंटीकडे अधिक लक्ष द्यावें, कारण नवशिका बर्फाशीं बसण्याच्या जागेनें व गुडघ्यांनींच अधिक परिचय करून घेतो. ज्यांना भाड्याची पॅंट नको असेल त्यांच्यासाठीं आपल्या पावसाळ्यानें एक सोय करून ठेविली आहे. दुचाकीवर वापरावयाचा नायलॉनचा रेनसूट, आंतील शिवणींस पट्टी लावलेला असेल तर, दोन गरम थरांवर घालून सौम्य उतारावर पहिले दोन-तीन दिवस निभावतां येतात. त्याचे दोष मात्र ठाऊक असावे. त्यांतून घामाची वाफ बाहेर पडत नाहीं, म्हणून दर थोड्या वेळानें चेन उघडून वारा घ्यावा लागतो. दुसरा दोष अधिक गंभीर : तें कापड गुळगुळीत असतें आणि कडक उतारावर पडलेला मनुष्य त्यांत थांबतच नाहीं, घसरत राहतो. तेव्हां रेनसूट अगदीं सपाट शिक्षणाच्या मैदानापुरताच. स्वस्त प्लॅस्टिकचा, घडी घातलेला रेनकोट तर थंडीनें ताठरून फाटतो. तो नेऊंच नये. ज्यांना पुढेंहि हिमालयांत जावयाचें आहे व म्हणून पॅंट विकत घ्यावयाचीच आहे, त्यांनीं चिठ्ठीवरील पाण्याचा आंकडा पाहावा. किती मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब तें कापड सोसतें, हें त्यावरून कळतें. ५,००० चा आंकडा पहिल्या सहलीस पुरतो. त्याच्या दुप्पट-तिप्पट आंकड्यासाठीं दुप्पट-तिप्पट पैसे मोजण्याचें कारण नाहीं.

आतां हात, पाय आणि डोळे. यांच्या वस्तु लहान, किंमतीनें कोटाच्या मानानें हलक्या, आणि म्हणूनच विसरल्या जाणाऱ्या. पण सहल मोडते ती बहुधा यांच्यामुळें. हातमोजे भाड्यानें घेऊं नयेत. घरीं विणलेले लोंकरीचे हातमोजे सुंदर असतात, परंतु पहिल्याच पडण्यांत बर्फ त्यांच्या टांक्यांत बसतो, वितळतो, आणि मूल रडूं लागतें. वर पाणी न शिरणारें कापड व आंत लव असलेले हातमोजे प्रत्येकाच्या मापाचे विकत घ्यावे. मनगटाची पट्टी कोटाच्या बाहीवर चढेल इतकी लांब असावी. लहान मुलांस पांच बोटांच्या मोज्यापेक्षां चार बोटें एकत्र राहणारा मोजा अधिक उबदार, कारण बोटें एकमेकांस ऊब देतात. पुढील वर्षीं येईल म्हणून मोठें माप घेण्याची आपली संवय येथें सोडावी; पोकळ मोज्यांत बोटें गारठतात आणि काठी धरतां येत नाहीं. विजारीचे पाय दुमडतां येतात, हातमोजा दुमडतां येत नाहीं.

पायांत मोज्यांचे दोन जोड चढवणें ही दुसरी सार्वत्रिक चूक. स्कीचा बूट कठीण कवचाचा असतो व घट्टच बसावा लागतो. त्यांत दोन मोजे घातले कीं रक्ताचा प्रवाह अडतो आणि पाय अधिकच गार पडतो. एकच, गुडघ्यापर्यंत येणारा, लोंकरमिश्रित मोजा घालावा, आणि त्यास एकहि सुरकुती नसावी. थर्मलच्या लेंग्याचें टोंक बुटांत जाऊं देऊं नये. तेथें जो वळ उठतो तो दुपारपर्यंत चालणें अशक्य करतो.

डोळ्यांची गोष्ट तर आपल्या लोकांस खरीच वाटत नाहीं. मराठवाड्याच्या उन्हांत जन्म गेला, तेथें काश्मीरच्या कोंवळ्या उन्हाचें काय भय, असें म्हणणारे पुष्कळ. परंतु नवा पडलेला बर्फ सूर्याच्या जंबुपार किरणांपैकीं ८० टक्क्यांपर्यंत परत फेंकतो, आणि उंचीबरोबर हे किरण दर हजार मीटरला सुमारें १० टक्क्यांनीं वाढतात. चष्म्यावांचून दिवस काढला तर रात्रीं डोळ्यांत वाळू गेल्यासारखें खुपूं लागतें, पाणी वाहतें, दिवा सहन होत नाहीं. यासच हिमांधता म्हणतात. जत्रेंतला काळा चष्मा याहून घातक, कारण अंधारानें बाहुली मोठी होते आणि किरण मात्र अडत नाहींत. यूव्ही ४०० असें लिहिलेला, कडेनें प्रकाश न येणारा चष्मा प्रत्येकास असावा. चेहऱ्यास व हनुवटीच्या खालच्या बाजूस उन्हाचें मलमहि लावावें. तेथें ऊन जमिनीकडूनहि येतें.

मफलरविषयीं एक शब्द. लांब मफलर ओढयंत्राच्या दोरींत किंवा खुर्चींत अडकून गळ्यास फांस बसण्याचा धोका असतो. गळ्यांत बसणारी लोंकरीची किंवा फ्लीसची आंखूड नळी घ्यावी. जुन्या फ्लीसच्या जाकिटाची बाही कापून ती घरींहि होते. हेल्मेटखालीं जाड माकडटोपी मावत नाहीं, ती खोलीसाठीं व उभें राहण्यासाठीं ठेवावी.

या उभें राहण्याचा विचार मात्र सविस्तर केला पाहिजे, कारण बेताच्या खर्चाची खरी गोम तेथें आहे. घरांत कपड्यांची यादी होते तेव्हां प्रथम मुलांचे हातमोजे, मुलांचे थर्मल, मग वडिलांचे, कारण त्यांना लौकर सर्दी होते, आणि शेवटीं आई म्हणते, "माझें काय, मी कुठें खेळणार आहे? माझी शाल आहे." यादींतून एक माणूस कमी झालें याचें सर्वांना मनांतून बरेंच वाटतें. उष्णतेचा हिशेब मात्र उलटा आहे. खेळणारा हालतो, धापा टाकतो, आणि त्याचे स्नायु ऊब उत्पन्न करतात. उताराच्या पायथ्याशीं पिशव्या संभाळीत, छायाचित्रें काढीत तीन तास उभी राहणारी स्त्री जवळजवळ कांहींच ऊब उत्पन्न करीत नाहीं. तिला खेळणाऱ्यापेक्षां एक थर अधिकच पाहिजे. सुती साडीचा घेर बर्फावर ओढला जातो, खालची वीतभर कांठ भिजते, आणि तें पाणी हळूहळू वर चढतें. येलदरीच्या रानांतील त्या शेतकऱ्याच्या धोतराची गत यापेक्षां वेगळी नसते. शालींतून वारा आरपार जातो. अशा अवस्थेंत ती तक्रार करीत नाहीं, इतकेंच. आणि परतीच्या गाडींत तापानें फणफणते.

तेव्हां यादी करतांना आईच्या नांवानें ती सुरू करावी. तिला दोन थर्मल, लोंकरीचा लेंगा किंवा जाड फ्लीसची विजार, भाड्याची बर्फाची पॅंट व कोट, जाड तळव्याचे बूट व स्वतःचे हातमोजे. साडीचीच संवय असलेल्या वडीलधाऱ्या बायकांनीं हॉटेलांत साडी नेसावी, मैदानावर नको. आणि कोणी सांगावें, पहिल्या दिवशीं बूट चढवले तर दुसऱ्या दिवशीं त्या स्वतःच स्कीवर उभ्या राहतील. तसें पुष्कळदां घडतें. ज्या स्त्रिया खेळणार असतील त्यांनीं काचेच्या बांगड्यांचा विचार आधींच करून ठेवावा, कारण पडतांना त्या फुटून हातमोज्याच्या आंत मनगटास लागतात. प्रत्येक घरानें आपल्या रीतीप्रमाणें काय तें ठरवावें. मंगळसूत्र पहिल्या थराच्या आंत घातलें म्हणजे तें कशांत अडकत नाहीं.

खर्चास कात्री लावावयाचीच झाली तर ती दुसऱ्या थरास लावावी. शेजारीपाजारी, भाऊबंद यांच्याकडून स्वेटर मागून आणण्यांत कमीपणा नाहीं. कोटाची शोभा, ठराविक नांवाची चिठ्ठी, सर्वांना एकाच रंगाचे पोशाख, हें सर्व प्रथम खोडावें. फक्त मुलांचे बाहेरचे कपडे भडक रंगाचे असूं द्यावे. पांढऱ्या उतारावर तीं लांबून दिसलीं पाहिजेत.

मैदानावर गेल्यावर दर अर्ध्या तासानें एकमेकांचीं तोंडें पाहावीं. नाकाच्या शेंड्यावर, गालावर किंवा कानाच्या पाळीवर पांढुरका डाग दिसला व तेथें स्पर्श कळेनासा झाला, तर ती हिमदंशाची पहिली खूण होय. तेथें बर्फ चोळण्याचा उपाय कोणी सांगेल. तो अगदीं चुकीचा आहे, कारण त्यानें गोठलेली कातडी सोलवटते. कोरडा, उबदार तळहात त्यावर न चोळतां धरावा, आडोशाला जावें, ओले मोजे बदलावे. बधिरपणा गेला नाहीं तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये. मुलें खेळाच्या भरांत बोटें बधिर झाल्याचें सांगत नाहींत. त्यांना विचारण्यापेक्षां हातमोजा काढून पाहणें बरें.

सायंकाळीं खोलींत आल्याबरोबर पहिलें काम कपडे वाळवण्याचें, चहा नंतर. काश्मीरांतील खोल्यांत लोखंडी बुखारी असते. तिच्यावर किंवा अगदीं जवळ थर्मल टांगले तर ते वितळतात, आणि हातमोज्याचें अस्तर आकसून जातें. हातभर अंतरावर दोरी बांधून उलटे करून टांगावे. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घालावे, रात्रीं एकदां बदलावे.

परत आल्यावर थर्मल व मोजे धुऊन, पूर्ण वाळवून ठेवावे. लोंकरीला आपल्याकडे मुख्य शत्रु कसरीचा. ट्रंकेंत कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबराच्या गोळ्या घालाव्या आणि दसऱ्याच्या सुमारास एकदां ऊन दाखवावें. मुलांचे हातमोजे पुढील हिवाळ्यांत लहान होतील. ते फडताळांत जपून ठेवण्यापेक्षां वसाहतींतील ज्या घरीं पुढची सहल ठरत असेल तेथें मापासह कळवून ठेवावें; पोशाखाची यादीहि त्याबरोबर द्यावी, कारण कोणती वस्तु पेटींतून बाहेरच निघाली नाहीं, हें त्या घरास दुकानदारापेक्षां हीच मंडळी नीट सांगतील.